दयेपोटी नदीत सोडलेला मासा



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या वस्तीच्या मागे मुळा नदीच्या काठावर मी उभा होतो. शेजारचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा हातात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन उतरणीवरून खाली येताना दिसला. पिशवीत वीतभर लांबीचा, काळपट, अंगावर ठिपके असलेला मासा होता. मी विचारले, "काय रे, कुठे चाललास?" तो म्हणाला, "चाचा, हा मासा फार मोठा झालाय, काचेच्या पेटीत मावत नाही. अम्मी म्हणाली, मारू नकोस, नदीत सोडून दे. जीव वाचेल, सवाब मिळेल."

त्याच्या अम्मीच्या मनात दयेखेरीज काही नव्हते. तरीही मी त्याला थांबवले. तो मासा होता 'सकर'. ॲक्वेरियमच्या दुकानात तो 'काच साफ करणारा मासा' म्हणून विकला जातो. विकत घेताना बोटाएवढा असतो, पुढे फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. त्याच्या अंगावर चिलखतासारखे कठीण कवच असते आणि परांना काटे असतात, त्यामुळे आपल्याकडचे पक्षी आणि मोठे मासे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर तो वर येऊन हवा गिळतो. म्हणजे ज्या घाण पाण्यात आपले देशी मासे गुदमरून मरतात, तिथे हा सुखाने जगतो. त्याचे नर अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत बिळे खणतात, त्यामुळे काठ ढासळतात. जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळे फाटते आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. उजनीच्या जलाशयात जाळे टाकणाऱ्या मच्छीमारांना गेल्या काही वर्षांत या माशाने हैराण केले आहे. काही ठिकाणी त्याला 'हेलिकॉप्टर' असे नावही पडले आहे.

उजनीत हा मासा कोणी मुद्दाम पाळायला आणला नव्हता. तो आपल्यासारख्यांच्या दिवाणखान्यांतून तिथे गेला. मुळा मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमेवर उजनीचे धरण आहे आणि त्याच्या खाली पंढरपूर आहे. पुण्यातल्या एका वस्तीत पिशवीतून सोडलेला मासा एखाद्या पुरात कुठवर जाईल, याला हद्द नाही. त्या मुलाला मी एवढेच समजावले की, आपण एक जीव वाचवू, पण तो जीव खाली शंभर घरांचे जाळे फाडील.

हा अग्रलेख त्या पिशवीविषयी आहे. ज्या प्राण्यांनी आणि वनस्पतींनी आपल्या नद्या, तळी आणि धरणे व्यापली, त्यांपैकी बहुतेकांना माणसाच्या हातानेच तिथे पोचवले आहे. तेही अनेकदा चांगल्या हेतूने. म्हणून या प्रश्नाचे उत्तर केवळ यंत्रांत आणि निविदांत सापडणार नाही. ते लोकशिक्षणात शोधावे लागेल.

आधी माझी स्वतःची चूक

दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात डेंग्यूची साथ आली होती. आम्ही कार्यकर्ते घरोघरी फिरलो, पाण्याचे हौद रिकामे करायला सांगितले आणि बाटल्यांतून गप्पी मासे वाटले. गप्पी डासांच्या अळ्या खातो, हे खरे. बंद टाकीत, हौदात, कारंज्यात त्याचा उपयोग होतो. पण उत्साहाच्या भरात आम्ही उरलेल्या बाटल्या जवळच्या ओढ्यात आणि तळ्यात ओतल्या. टाळ्या वाजल्या, फोटोही निघाले.

गप्पीही दक्षिण अमेरिकेकडचा मासा आहे. तो अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो. एक गाभण मादी नव्या पाण्यात एकटी पोचली तरी तिच्यापासून पुढची सगळी पिढी उभी राहू शकते. ओढ्यात गेल्यावर तो केवळ डासांच्या अळ्या खात बसत नाही. इतर माशांची अंडी, बारीक पिल्ले, पाणकिडे, जे मिळेल ते खातो. आपल्या ओढ्यांत डोक्यावर चकाकणारा ठिपका असलेले छोटे देशी मासे असतात आणि तेही डासांच्या अळ्या आवडीने खातात. आम्ही त्यांच्याच ताटात वाटेकरी नेऊन बसवला. आम्हाला कोणी अडवले नाही, कारण कोणालाच माहीत नव्हते. आम्हीही विचारले नाही. रोगाविरुद्धच्या मोहिमेचा हेतू चांगला होता, पण अपुरी माहिती घेऊन लोकांना शिकवायला निघालो, हा दोष माझा आणि माझ्या सहकाऱ्यांचा.

हे मुद्दाम लिहितो, कारण प्रबोधन म्हणजे शहाण्याने अडाण्याला शिकवणे नव्हे. प्रबोधन स्वतःपासून सुरू होते.

'परका' हा गुन्हा नाही

या विषयावर बोलताना एक शब्द जपून वापरला पाहिजे. वर्तमानपत्रांत 'परदेशी माशांची घुसखोरी', 'परक्यांचे आक्रमण' असे मथळे येतात. हे शब्द वाचताना आपल्यापैकी अनेकांना कसे वाटते, ते मी वेगळे सांगायला नको. म्हणून शास्त्र काय म्हणते, ते नीट समजून घेऊ.

बाहेरून आलेली प्रत्येक प्रजाती घातक नसते. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ हे सारे अमेरिका खंडांतून आले आणि आज त्यांच्याशिवाय आपले स्वयंपाकघर चालत नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने 2023 साली या विषयावर मोठा अहवाल दिला. माणसाच्या हालचालींमुळे जगभर सुमारे 37,000 प्रजाती आपले मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे स्थिरावल्या आहेत. त्यांपैकी घातक ठरलेल्या साडेतीन हजारांच्या वर आहेत, म्हणजे साधारण दहातली एक. या दहाव्या हिश्श्याला 'आक्रमक प्रजाती' म्हणतात. मूळ गाव कोणते, यावरून ती आक्रमक ठरत नाही. नव्या ठिकाणी ती इतरांचे जगणे किती हिरावते, यावरून ठरते.

पण तेवढा हिस्साही थोडा नाही. त्याच अहवालानुसार, जगात आजवर नोंदल्या गेलेल्या प्राणी-वनस्पतींच्या नामशेष होण्याच्या घटनांपैकी 60 टक्के घटनांत आक्रमक प्रजातींचा हात आहे. 2019 साली त्यांच्यामुळे झालेले जागतिक नुकसान 423 अब्ज डॉलरच्या वर होते.

जलपर्णीचा धडा

आपल्या डोळ्यांसमोरचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे जलपर्णी. पवना, इंद्रायणी, मुळा, मुठा, कोल्हापूरची पंचगंगा, कोणत्याही नदीवर उन्हाळ्याच्या तोंडाशी जाऊन पाहा. पाणी दिसत नाही, हिरवे मैदान दिसते. क्रिकेट खेळायला जागा मिळाली, असे मुले थट्टेने म्हणतात. काठच्या वस्त्यांत संध्याकाळी दार उघडे ठेवता येत नाही, कारण जलपर्णीखालच्या थांबलेल्या पाण्यात डास होतात. काही जातींच्या डासांच्या अळ्या तर पाण्यात राहून या वनस्पतीच्या मुळांतूनच हवा घेतात.

ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठी तिला बंगालमध्ये आणले गेले, असे सांगतात. अनुकूल पाणी मिळाले की दोन आठवड्यांच्या आसपास ती दुप्पट होते. तिचे बी पाण्याच्या तळाच्या गाळात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत बंगालचे खाल आणि बिल तिने भरून टाकले. नावा चालेनात, भातशेती गुदमरली, मासे मेले. 1921 साली सरकारने या प्रश्नावर जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. 1936 साली बंगालमध्ये जलपर्णीचा कायदा झाला. आपल्या जागेत ती वाढू देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत प्रमुख पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णी हटवण्याचे वचन होते. निवडणुकीनंतर फझलुल हक बंगालचे पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारने हे काम ग्रामसुधारणेच्या कार्यक्रमात घेतले. 1939 साली 'जलपर्णी सप्ताह' पाळला गेला. गावेच्या गावे पाण्यात उतरली.

जलपर्णी बंगालमधून कायमची गेली नाही, आजही ती तिथे आहे. पण लाखो लोक उतरले तेव्हा ती आटोक्यात आली, हेही तितकेच खरे. कायदा 1936 चा होता, पण तो लोकांच्या हातांनी चालला. ज्या शेतकऱ्याचे भात बुडत होते, ज्या मांझीची नाव अडकत होती, त्याला ते काम आपले वाटले. आज आपल्याकडे काय होते? दर वर्षी निविदा निघते, यंत्र येते, बिल निघते आणि पुढच्या जानेवारीत जलपर्णी पुन्हा हजर. लोक काठावर उभे राहून पाहतात आणि शिव्या देतात. त्यांना या कामात कोणी बोलावलेलेच नसते.

यात प्रशासनाला सूट देण्याचा माझा हेतू नाही. जलपर्णी नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसते आणि ते तिला आपल्या सांडपाण्यातून मिळते. प्रक्रिया न केलेले मैलापाणी नदीत सोडणे जोवर थांबत नाही, तोवर कितीही वेळा जलपर्णी काढा, तिचे जेवण चालूच राहील. "लोकांनीच जागरूक झाले पाहिजे" असे म्हणून जबाबदारी झटकणाऱ्यांना हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पण तो विचारण्यासाठीही जलपर्णी का वाढते, हे लोकांना माहीत असावे लागते.

ताटातला मासा, पेटीतले कासव

आणखी दोन उदाहरणे आपल्या घराजवळची आहेत.

पहिले थाई मांगूरचे. नाव थाई असले तरी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. आपला देशी मांगूर वेगळा. तो औषधी म्हणून आजाऱ्याला देतात आणि आता तो दुर्मीळ होत चालला आहे. थाई मांगूर झपाट्याने वाढतो, दुसरे मासे खातो आणि पावसात तळ्याबाहेर पडून ओल्या जमिनीवरून पुढच्या पाण्यापर्यंत सरपटत जाऊ शकतो. केंद्र सरकारने 2000 सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातही त्याची तळी नष्ट करण्याची कारवाई झाली. तरी तो बाजारात येतो, कारण तो स्वस्त पडतो. स्वस्त का पडतो? चोरून चालवलेल्या तळ्यांत त्याला कोंबड्यांचा आणि कत्तलीतला टाकाऊ माल खाऊ घालतात. आपल्या ओळखीत, नात्यात चिकन-मटणाची दुकाने असणारे पुष्कळ लोक आहेत. दुकानातला टाकाऊ माल कोण उचलतो आणि कुठे नेतो, एवढे त्यांनी विचारले तरी एक साखळी तुटू शकते. प्रामाणिक धंदा करणाऱ्याच्या नावाला यातून उजाळाच मिळेल.

दुसरे उदाहरण लाल कानाच्या कासवाचे. देशी कासव पाळणे गुन्हा आहे, म्हणून दुकानदार हे अमेरिकन कासव विकतात. रुपयाच्या नाण्याएवढे गोंडस पिल्लू घरात येते. कोणी मुलाच्या हट्टासाठी आणतो, कोणी वास्तू शुभ व्हावी म्हणून. हे कासव वीस-तीस वर्षे जगते, फूटभर होते, चावते, पाण्याला वास येतो. मग एक दिवस कुटुंब त्याला जवळच्या तळ्यात किंवा मंदिराच्या कुंडात सोडते. तिथे ते देशी कासवांची ऊन खाण्याची जागा आणि अन्न बळकावते. शुभ-अशुभाच्या कल्पनेने विकत घ्यायचे आणि पुण्याच्या किंवा सवाबाच्या कल्पनेने सोडून द्यायचे, या दोन्हींमध्ये विवेकाला जागा कुठे राहिली? हा प्रश्न एकाच धर्माच्या लोकांना विचारायचा नाही. सगळ्यांच्याच घरात ही काचेची पेटी आहे.

काय करायचे?

न्यूझीलंडमध्ये 2004 साली दक्षिण बेटावरच्या नद्यांत डिडिमो नावाचे शेवाळ सापडले. एका थेंबातूनही ते दुसऱ्या नदीत पोचू शकते. तिथल्या सरकारने तीन शब्दांची मोहीम चालवली: तपासा, धुवा, वाळवा. एका नदीतून दुसऱ्या नदीत जाण्याआधी नाव, जाळे, गळ आणि बूट तपासायचे, धुवायचे आणि वाळवायचे. लांबलचक व्याख्यानाऐवजी हे तीन शब्द मासेमारीच्या प्रत्येक ठिकाणी पोचले. आपल्यालाही असेच साधे, घरात बोलता येणारे शब्द हवेत. आमच्या गटाने चर्चा करून पुढील गोष्टी ठरवल्या आहेत.

पाळलेला मासा, कासव, गोगलगाय किंवा पाणवनस्पती कोणत्याही कारणाने नदीत, तळ्यात, विहिरीत किंवा गटारात सोडायची नाही. नको असेल तर दुकानदाराला परत द्यायची किंवा पाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला द्यायची. पेटीतले पाणी झाडांच्या मातीत ओतायचे. वनस्पती उन्हात कडक वाळवून मग खतात टाकायची. घरच्या कुंडीत जांभळ्या फुलांसाठी जलपर्णी लावायची नाही आणि कोणी रोप दिले तर नम्रपणे नको म्हणायचे.

एका धरणात वापरलेले जाळे दुसऱ्या धरणात टाकण्याआधी तपासायचे, धुवायचे, वाळवायचे. गप्पी मासे बंद टाकीत आणि हौदातच सोडायचे, वाहत्या पाण्यात कधीच नाही. जाळ्यात किंवा काठावर अनोळखी मासा सापडला तर फोटो काढायचा, तो पुन्हा पाण्यात टाकायचा नाही आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयाला कळवायचे.

जलपर्णी काढण्याच्या शिबिरांत आपण सगळेच एक चूक करतो. काढलेला ढीग काठावर ठेवतो, फोटो काढतो आणि घरी जातो. पहिल्या पावसात तो ढीग पुन्हा नदीत जातो. जलपर्णी फुलावर येण्याआधी काढायची आणि पूररेषेच्या बाहेर नेऊन वाळवायची. ते जमणार नसेल तर शिबिर घेऊ नये.

आणि हे सांगायचे कुठे? जिथे लोक आधीच जमतात तिथे. शाळेच्या पालकसभेत, गणेश मंडळाच्या मांडवात, बुद्धविहारात, बचत गटाच्या बैठकीत, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात दोन मिनिटे. सांगायचे ते ऐकणाऱ्याच्या भाषेत, मराठीत, उर्दूत, हिंदीत. 'आक्रमक विदेशी प्रजाती' हा शब्द शासनाच्या कागदासाठी ठीक आहे, पण वस्तीत "पेटीतला मासा नदीत नको" हे वाक्य पुरे आहे.

कायदाही आता सोबतीला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. अशा घातक प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार त्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला. पण घरोघरच्या काचेच्या पेट्या तपासायला पोलीस येणार नाहीत आणि येऊही नयेत. तिथे कामाला येते ते संविधानाचे 51-क कलम. वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीवांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे, ही दोन्ही कर्तव्ये तिथे एकाच वाक्यात आहेत. पुढच्याच वाक्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आहे. दयेला विज्ञानाची जोड हवी, असे त्या क्रमातून मी समजतो. दया खरी असेल, तर पिशवीतला जीव पाण्यात सोडताना त्या पाण्यात आधीपासून राहणाऱ्या जिवांचाही विचार आला पाहिजे.

त्या रविवारी मी आणि तो मुलगा पिशवी घेऊन चौकातल्या ॲक्वेरियमच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारा तरुण आमच्याच वस्तीतला आहे. त्याने मासा ठेवून घेतला. तो म्हणाला, "काका, लोक परत आणत नाहीत, कारण आम्ही घेतो हे त्यांना माहीतच नाही." दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाबाहेर पाटी लावली: 'नको असलेला मासा इथे परत द्या. नदीत सोडू नका.' पाटीची अक्षरे त्या मुलानेच रंगवली. परतताना त्याने मला विचारले होते, "चाचा, मग आता सवाब नाही मिळणार?" मी म्हणालो, "मासाही वाचला आणि नदीही वाचली. तूच हिशेब कर."

पावसाळा तोंडावर आला आहे. पूर आला की काठावरचे सगळे खाली वाहून जाते. त्याआधी प्रत्येक वाचकाने आपल्या भागातल्या एका ॲक्वेरियमच्या दुकानात जाऊन अशी एक पाटी लावण्याची विनंती करावी आणि आपल्या घरातल्या पेटीचे पुढे काय करायचे, ते घरातल्या मुलांशी बोलून ठरवावे, एवढेच आवाहन. काय अनुभव आला, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात ते छापू.